डोळ्यातला कापूस

डाव्या डोळ्यात कापूस गेलाय, असं मी अकरा दिवस लोकांना सांगत होतो. लोकांना ते पटतही होतं, कारण मी पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस बाहेर काढायचा, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून धागा ओढायचा, काळ्या फडक्यावर ठेवून किडकी कवडी किती, वाळल्या पानांची पत्ती किती ते पाहायचं आणि सांगायचं, हा अमुक दर्जाचा. सव्वीस वर्षं हेच केलं. हंगामात आमच्या आवारात रुई हवेतच तरंगत असते. केसांत रुई, मिशीत रुई, डब्यातल्या भाजीतही रुई. डिसेंबरात जिनिंगमधल्या माणसाचा डोळा लाल नसेल तर तो सुट्टीवर होता असं समजावं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि कशापायी यायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गाडीवान माझ्या तोंडाकडे असा पाहायचा की जणू मी दहावीचा निकाल सांगणार आहे. अशा दिवसांत लाल डोळ्याची कोण पर्वा करतो? मी तर मुळीच केली नाही.

डोळा दुखायचा, पण ठणका डोळ्यापेक्षा भुवईच्या आत जास्त. उजेड सहन व्हायचा नाही. आणि नजरेसमोर बारीक करडे तंतू फिरायचे. मी फडक्यानं पुसायचो, पाणी मारायचो, तंतू तिथंच. घरी आलो की कुसुम, माझी बायको, मला अंगणात उन्हात बसवायची आणि पापणी उलटी करून पाहायची.

"मले तं काहीच नाही दिसून राह्यलं," ती म्हणायची.

"तुले कसं दिसन? डोया माहा हाय," मी तिच्यावरच डाफरायचो.

मेडिकलमधून लाल डोळ्याचे थेंब आणले, कोणाला न विचारता. दोन दिवस बरं वाटलं आणि मग आणखी धूसर झालं. तरी मी कापूसच म्हणत होतो. ज्या माणसानं सव्वीस वर्षं कापूस ओळखून पोट भरलं, त्याला डोळ्यात आहे तो कापूस नाही एवढं ओळखता आलं नाही. आता हसू येतं, तेव्हा नाही आलं.

चिठ्ठी

अकराव्या दिवशी लक्ष्मण आत्राम गाडी घेऊन आला. केळापूरच्या पलीकडे त्याचं शेत. शांत माणूस, माझ्याशी कधी हुज्जत घातली नाही. मी मूठभर कापूस काढला, फडक्यावर ठेवला. नेमका तेव्हाच उजव्या डोळ्यात घाम उतरला म्हणून तो मिटला आणि डाव्यानं पाहिलं. कापूस मळकट, करडा. मी कमी दर्जा सांगितला, चिठ्ठी लिहिली.

"साहेब, मळका नाही हो," आत्राम म्हणाला. "पाह्य बरं अजून एकडाव."

"सव्वीस वर्षं पाहून राह्यलो. तू शिकव मले," मी ओरडलो. माझा स्वभावच तसा, आधी तोंड सुटतं, मागून डोकं.

मी उजवा डोळा पुसून उघडला तर फडक्यावरचा कापूस पांढरा शुभ्र. पुन्हा डाव्यानं पाहिलं, करडा. उजव्यानं पाहिलं, पांढरा. फडक्याचा एक कोपरा तर डाव्याला दिसतच नव्हता. मी ती चिठ्ठी फाडली आणि वरच्या दर्जाची दुसरी लिहून त्याच्या हातात दिली.

आत्रामनं चिठ्ठीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलेली चिठ्ठी फाडतो हे कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब, तब्येत बरी नाही काय तुमची?" तो घाबरून म्हणाला.

त्याच्या आवाजातली भीती ऐकली तेव्हा मी पहिल्यांदा खरा भ्यालो. मी हिशेबनिसाला सांगून तसाच घरी निघालो.

आजच्या आज

दुसऱ्याच दिवशी यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचं औषध टाकलं, अर्धा तास बसवलं आणि डोक्यावर दिवा बांधून आत पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग दिवा काढला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. डॉक्टर खुर्ची जवळ ओढतो तेव्हा काय ते समजून जावं.

"पडद्यावर कडेनं पांढरे डाग पसरत आहेत," ते म्हणाले. "हे जंतूंचं काम आहे आणि फार वेगानं चालतं. नागपूरला जा. उद्या नाही, आजच."

कुसुम माझ्यासोबत होतीच. घरी निरोप धाडला तर माय, माझी आई, पिशवी भरून यवतमाळच्या बसस्टॅण्डवर हजर. सत्तरी ओलांडलेली बाई, नको म्हटलं तरी ऐकेना. "माह्या लेकाचा डोया हाय," म्हणाली, "तुमी कोण मले नाही म्हणणारे?" माझं तोंड कोणाकडून आलं ते इथं कळावं.

नाव

नागपूरच्या डॉक्टर मॅडम वयानं आमच्या सासरी गेलेल्या पोरीएवढ्या असतील. त्यांनी पुन्हा सगळं पाहिलं, थेंबांची बाटली हातात घेऊन नाव वाचलं, "यानं असे जंतू आणखी फोफावतात," म्हणाल्या आणि बाटली बाजूला ठेवून दिली. मग प्रश्न विचारायला लागल्या. शुगर आहे का, ताप आला होता का. नाही, नाही. "गेल्या काही महिन्यांत नागीण झाली होती?"

आता खरं सांगतो. झाली होती. दोन महिन्यांपूर्वी, कमरेवर उजव्या बाजूनं, फोडांचा पट्टा. अंगाची आग आग. मायनं मला एका म्हाताऱ्याकडे नेलं होतं. नागीण उतरवण्यात त्याचा हातखंडा. त्यानं गेरू लावला, काही पुटपुटला आणि निघताना बजावलं, की सहा महिने तिचं नाव कोणी तोंडातून काढायचं नाही. काढलं तर ती वाट शोधत परत येते. पंधरा दिवसांत फोड वाळले. मायचा तर पूर्ण विश्वास बसला. माझा? मी मॅट्रिक शिकलेला माणूस, असल्या गोष्टींना हसणारा. पण अंगाची आग थांबली तेव्हा माझं हसणंही थांबलं होतं.

मॅडमनी विचारलं आणि मायनं माझा हात दाबला. मी म्हणालो, "नाही."

"खोटं बोलून राह्यले हे," मागून कुसुम म्हणाली. "नागीण झालती, मॅडम. दोन महिने झाले. कमरेवर."

मायनं डोळे मिटून घेतले. मी कुसुमकडे असं पाहिलं की घरी असतो तर भांडी वाजली असती. पण मॅडमनी पेन खाली ठेवला आणि मायकडे वळल्या.

"आजी, नाव घेतल्यानं ती येत नाही. नागीण गेली असं वाटतं तेव्हाही तिचा विषाणू अंगातच असतो, नसांमध्ये झोपलेला. कधी कातडीवर उठतो, क्वचित डोळ्याच्या पडद्यावर. डाग पाहूनच मला शंका होती. यांनी सांगितलं, त्यामुळे आता खात्री वाढली."

त्यांनी सुईनं डोळ्यातलं थेंबभर पाणी काढलं आणि तपासायला हैदराबादला पाठवलं. हैदराबादचा रस्ता पांढरकवड्यावरूनच जातो. माझ्या डोळ्यातलं पाणी माझ्याच गावावरून गेलं असेल, असा काहीतरी विचार मी करत बसलो होतो. माणूस घाबरला की काहीही विचार करतो.

"रिपोर्ट यायला दिवस लागतील," मॅडम म्हणाल्या. "तोवर पडदा वाट पाहणार नाही. औषध आत्ताच सुरू करते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "डावा किती वाचेल ते आज सांगता येत नाही. पण हा आजार काही जणांना काही आठवड्यांत दुसऱ्या डोळ्यातही होतो. उजवा डोळा वाचवायचा आहे आपल्याला."

उजवा. त्या क्षणापर्यंत उजव्या डोळ्याचा मी विचारच केला नव्हता. तो गेला तर मी ग्रेडर नाही, सायकलवर बसणारा नाही, कुसुमचा चेहरा पाहणारा नाही. मला तिथंच उलटी झाली. कुसुमनं पदरानं माझं तोंड पुसलं.

पाणी

सलाईनमधून औषध, दिवसातून तीनदा, एकेक तास. औषध किडनीवर येऊ नये म्हणून भरपूर पाणी प्यायचं. हे मॅडमनी एकदा सांगितलं आणि कुसुमनं हजारदा. पेला घेऊन उभीच. "पाणी प्या." आत्ताच प्यालो. "अजून प्या." अरे, मी माणूस आहे की नांद? ती काही ऐकायची नाही.

आणि डोळ्यात सुई. कोणाला ही वेळ यायची असेल तर सांगतो, विचार करण्यात जेवढी भीती आहे तेवढी सुईत नाही. थेंबांनी डोळा बधिर करतात, मग दाब जाणवतो, दुखणं फारसं नाही. पहिल्या वेळी मी पलंगाची कड इतकी घट्ट धरली की नर्स म्हणाली, "काका, पलंग सरकारी नाही, तोडू नका." मी हसलो आणि तेवढ्यात झालंही.

खरं दुखणं दुसरंच होतं. माय कुसुमशी बोलेना. चार दिवस. बोलायची ते माझ्यामार्फत. "तिले म्हण, चहा आण." दोन हातांच्या अंतरावर उभी असलेली बाई, आणि निरोप माझ्याकडे. कुसुम चहा आणायची, मायच्या पुढ्यात ठेवायची. मी मध्ये सुई टोचलेला हात घेऊन पडलेला, ओरडायचीही सोय नाही.

चौथ्या दिवशी दुपारी माय खाली गेली तेव्हा कुसुम पलंगाच्या कडेला बसली.

"उजवा गेला तं माय म्हणीन, हिनंच नाव काढलं," ती म्हणाली. "तुमी भी तसंच म्हणसान काय?"

लिहायला लाज वाटते, पण त्या चार दिवसांत एकदा, अगदी एकदाच, तसा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. तिला ते कळलं असावं. एकतीस वर्षांच्या संसारात बायकोपासून काय लपतं? मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "नाही म्हणीन. कधीच नाही." ती म्हणाली, "पाणी प्या."

मॅडमनी सांगितलं होतं, रोज सकाळी डावा डोळा झाकून उजव्यानं काहीतरी बारीक पाहायचं. नवे तंतू, धूसरपणा, लाली, काहीही वाटलं तर लगेच सांगायचं. बाकीचे पेशंट भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचे. कुसुमनं माझ्या पिशवीतून काळं फडकं आणि मूठभर कापूस काढला. निघताना तिनं ते कधी टाकलं होतं देव जाणे. कापसात ती वाळल्या पानाचे तुकडे लपवायची आणि फडकं माझ्यासमोर धरायची.

"सांगा, पत्ती किती?"

"पाच."

"सहा."

"पाचच हाय. सहावं सरकीचं टरफल हाय. तुले कापसातलं काय समजते?"

ती हसायची नाही, पण तिचे खांदे खाली यायचे. दिवसभर ते ताठ असायचे.

आठवड्यानं रिपोर्ट आला. मॅडम तो घेऊन माझ्याकडे नाही, आधी मायकडे गेल्या. "आजी, सुनेनं सांगितलं तेच निघालं. नागिणीचाच विषाणू." माय खिडकीशी बसून संत्रं सोलत होती. सोललं, अर्धं केलं, आणि अर्धं कुसुमपुढे धरलं.

"घे वो," म्हणाली. "तू भी खाय. जेवत नाही तू, पाहून राह्यली मी."

कुसुमनं संत्रं घेतलं आणि दोघी शेजारी बसून खात राहिल्या. मला कोणी विचारलं नाही.

पालथा

डावा डोळा वाचला नाही. औषधानं जंतू थांबले, पण पडदा त्या आधीच विरला होता. घरी आल्यावर महिन्याभरात तो फाटला. मग ऑपरेशन, डोळ्यात तेल भरलं, आणि पंधरा दिवस पालथं झोपायचं, मान खाली घालून बसायचं. रागीट माणसाला मान खाली घालायला लावणारं दुसरं औषध मला माहीत नाही.

त्या दिवसांत मी माणसं पायांवरून ओळखायचो. कुसुमची जोडवी, मायच्या भेगा. एका दुपारी दारातून मातीनं भरलेले, अनोळखी पाय आले. पाय थोडा वेळ थांबले. मग तो माणूस खाली बसला, तरी मला त्याचं तोंड दिसेना, म्हणून चक्क जमिनीवर आडवा झाला. लक्ष्मण आत्राम. खालून माझ्याकडे पाहत होता.

"साहेब, तुरीच्या शेंगा आणल्या," म्हणाला. "एक डोया तं बरा हाय ना?"

"आजपर्यंत तं हाय."

"मग लवकर या. नवा ग्रेडर हातच नाही लावत कापसाले. दुरूनच सांगते. तुमी कमी लावता कधीकधी, पण हात घालून पाहता."

सव्वीस वर्षांत मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट. माझ्या नाकावरून पाणी गळालं, पालथ्या माणसाचं पाणी तिथूनच जातं. आत्राम जमिनीवरच पडून राहिला आणि मला गावच्या बातम्या सांगत बसला. कुसुमनं त्यालाही पाणी प्यायला लावलं.

दुसरा हंगाम

गोळ्या कितीतरी महिने चालल्या. उजवा डोळा रोज सकाळी फडक्यासमोर. पुढच्या हंगामात मी जिनिंगमध्ये परत गेलो. एका डोळ्यानं खोली कळत नाही, सुरुवातीला ढिगात हात घालायला जायचो आणि तो गाडीच्या फळीवर आपटायचा. पण बोटं शाबूत होती. धागा बोटांनाच जास्त कळतो, डोळा फक्त होकार देतो. मालकानं ठेवून घेतलं.

जानेवारीतली एक सकाळ. मी दात घासत होतो आणि उजव्या डोळ्यासमोर एक तंतू आला. करडा, बारीक, वळलेला. पापणी मिटली, उघडली, तंतू तिथंच. मी ब्रश तोंडात तसाच धरून उभा राहिलो. कुसुमला हाक मारली नाही. आणि खरं सांगायचं तर मारायचीही नव्हती. जोवर ती पाहत नाही तोवर माझा डोळा चांगला होता.

पण ती फडकं घेऊन आलीच, रोजच्यासारखी. माझं तोंड पाहिलं आणि फडकं तिच्या हातातून पडलं.

"किती वेळ झाला?"

"आत्ताच."

तिनं मला अंगणात उन्हात बसवलं, मागच्या वर्षी बसवायची तिथंच. पापणी हळूच उलटली. खूप वेळ पाहिलं. मग पदराचा कोपरा ओला केला, पापणीच्या आतून काहीतरी टिपलं आणि बोटावर घेऊन माझ्यासमोर धरलं.

रुईचा तंतू. खरा.

तिनं तो तंतू पदराच्या टोकात घट्ट बांधला. माझी नजर स्वच्छ होती, अंगण दिसत होतं, तुळस दिसत होती, मायनं वाळत घातलेली वडी दिसत होती. मी म्हणालो, "चल, चहा टाक."

"कपडे घाला," कुसुम म्हणाली. "नागपूरले जाऊन राह्यलो आपण."

"अवो, निघाला ना तो."

"मागच्या वर्षी तुमी अकरा दिवस कापूस म्हणून राह्यलते. यंदा मी एक दिवस भी नाही म्हणणार. मॅडम म्हणतीन तेव्हा म्हणीन."

माझ्या या लिहिण्यात कोणाला कामाचं काही असेल तर एवढंच आहे. डोळा लाल, आत ठणका, समोर तंतू, तर आपल्या धंद्याची धूळ समजून बसू नका, मेडिकलचे थेंब आपल्या मनानं टाकू नका, आणि डॉक्टर विचारतील ते सगळं सांगा, कोणी काही बजावलं असलं तरी. मायसुद्धा आता हेच सांगते, गल्लीत कोणाला नागीण झाली की पहिले दवाखाना म्हणते. गेरूही लावायला सांगते, ते सोडत नाही.

तर आम्ही गेलो. बाहुली मोठी झाली, मॅडमनी डोक्यावर दिवा बांधला आणि पाहायला लागल्या. वर पाहा, खाली पाहा, डावीकडे. कुसुम भिंतीला पाठ लावून उभी होती. मॅडमनी दिवा काढला. खुर्ची जवळ ओढली नाही.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "एकदम स्वच्छ."

कुसुम पुढे आली, पदराची गाठ सोडली आणि तो तंतू मॅडमच्या टेबलावर ठेवला. "हे निघालतं सकाळी." मॅडमनी वाकून पाहिलं, त्यांना काही उलगडेना. मी तो उचलला, चिमटीत धरून ओढला. बाहुली मोठी केलेल्या डोळ्याला जवळचं काहीच दिसत नव्हतं, पण बोटांना कळलं.

"कापूसच हाय, मॅडम," मी म्हणालो. "लांब धाग्याचा."

तेव्हा कुसुम रडली. सबंध वर्षात माझ्यासमोर पहिल्यांदा, खुर्चीत बसून, तोंडावर पदर घेऊन, लहान पोरीसारखी. टेबलावर पेला होता, तो चाचपडत उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"पाणी पे," मी म्हणालो.